‘शॉर्ट सर्किट’ नावाचा रकाना: पहिल्या एसटीपासून कॅराव्हॅनपर्यंत

१ जून १९४८ ला पहिली एसटी धावली ती पुणे ते नगर. बेडफर्ड कंपनीची चासी, तीस सीट, लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या. आम्हा नगरकरांना हे शाळेपासून पाठ असतं आणि दर वर्षी एक जूनला त्या गाडीचा फोटो मोबाइलवर फिरतो. सगळे त्या फोटोत जुना काळ बघतात. मला मात्र अलीकडे दुसराच प्रश्न पडतो: या गाडीत वायर किती असेल?

त्या काळच्या बसला वीज कशाकशाला लागायची ते आठवून बघा. स्टार्टर, हेडलाइट, मागचा दिवा, हॉर्न, आत दोन-चार मिणमिणते बल्ब. बस्स. आज त्याच पुणे–नगर रस्त्यावरून रात्री जाणारी एसी स्लीपर घ्या. प्रत्येक बर्थला चार्जिंग पॉइंट, वाचायचा दिवा, छताला एलईडीच्या पट्ट्या, कॅमेरे, टीव्ही, एसीचे ब्लोअर. आणि शनिवारी पहाटे भंडारदऱ्याकडे निघालेली कॅराव्हॅन बघितली तर फ्रिज, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, पंपसुद्धा. लाकडाची बॉडी गेली, पत्र्याची आली. पण जळू शकणारं सामान कमी झालं का? फोम, रेक्झिन, प्लाय, फायबर, पडदे. आणि या सगळ्याच्या मागून, पॅनेलच्या आतून, डोळ्यांना न दिसणारी वायर.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी.साठी विजेच्या जोडांवर काम करते. म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकतात त्या जागी रोध किती असतो, आणि हादरे, धूळ, ओल, उष्णता यांनी तो कसा वाढत जातो. विषय ऐकून लोक जांभई देतात, त्यांना दोष नाही. मलाही हा विषय पुस्तकातून मिळाला नाही. नगरहून नागपूरला एका खासगी स्लीपरने जात होते. रात्री दीडच्या सुमारास माझ्या डोक्याजवळच्या चार्जिंग पॉइंटमधून वास यायला लागला. सडक्या मासळीसारखा, जळक्या प्लॅस्टिकचा. (हा वास आला की झोपमोड करून घ्या, लाजू नका.) अटेंडंट आला, पॉइंट उपटला, वायरीला टेप मारली आणि म्हणाला, ‘काही नाही ताई, शॉर्ट झालं होतं. झोपा.’ सकाळी उतरताना मी तो जळका पॉइंट मागून घेतला. लॅबमध्ये उघडला. आत शॉर्टची एकही खूण नव्हती. दोन्ही वायरी एकमेकींपासून अगदी व्यवस्थित लांब होत्या. एक स्क्रू ढिला होता, आणि जळलं होतं ते फक्त त्या स्क्रूभोवतीचं.

ही पोस्ट त्या ‘शॉर्ट झालं होतं’ या तीन शब्दांबद्दल आहे. संशोधनाची तयारी करताना आपण उपकरणं शिकतो, संख्याशास्त्र शिकतो. पण ज्या शब्दात माहिती आपल्यापर्यंत येते तो शब्द तपासायला फार कुणी शिकवत नाही.

‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द तारायंत्राच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. विजेला जो लांबचा रस्ता नेमून दिलाय तो सोडून तिला जवळची वाट सापडली, एवढाच त्याचा अर्थ. रोध जवळजवळ शून्य, म्हणून प्रवाह प्रचंड. यावरचा इलाजही जुना आहे. घरात वीज आली तेव्हा तिच्यामागोमाग फ्यूज आला. १८९० साली एडिसनच्या नावावर फ्यूजचं पेटंटही आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तार वितळते आणि सर्किट तुटतं. म्हणजे फ्यूज जागेवर आणि योग्य असेल, तर खराखुरा शॉर्ट हा बऱ्याचदा क्षणात संपणारा प्रकार असतो. फट्ट, अंधार, संपलं.

ढिला जोड वेगळा. तिथे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. त्यामुळे फ्यूजला काहीच कळत नाही. फ्यूज प्रवाह मोजतो, तापमान मोजत नाही. आणि इथे वाहनाचं गणित घरापेक्षा फार वाईट आहे. हे एकदा कागदावर करून बघाच.

एक हजार वॉटचं उपकरण. घरात २३० व्होल्टवर ते साधारण ४.३ अँपिअर घेतं. तेच इन्व्हर्टर लावून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं तर बॅटरीकडून साधारण ८३ अँपिअर जातात (इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरलीच नाही). आता वाटेत एक किंचित ढिला जोड आहे असं धरा, रोध ०.०१ ओहम. आपल्या कॉलेजच्या साध्या मल्टीमीटरवर हा शून्यच दिसेल. जोडात तयार होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. घरात ती येते ०.१९ वॉट, हाताला कोमटही लागणार नाही. गाडीत ती येते ६९ वॉट. जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब आठवतोय? त्याहून जास्त उष्णता, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, आणि बहुतेकदा प्लायच्या फळीला चिकटून. तापला की तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, थर चढला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. साधी पीव्हीसीची वायर ७० अंश सेल्सियसपर्यंत वापरायची म्हणून बनवलेली असते.

‘बारा व्होल्टच तर आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. झटका बसत नाही हे खरं. पण माणसाला झटका बसणं आणि लाकडाला आग लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कमी व्होल्टेज म्हणजे जास्त प्रवाह, हे आपण अकरावीत शिकून विसरतो.

गंमत म्हणजे, वाहनात दिव्यांसाठी वीज आली ती आगीपासून वाचण्यासाठी. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या डब्यांत तेलाचे दिवे असत, मग गॅसचे आले. डब्याखाली गॅसची टाकी, वर लाकडी डबा. अपघात झाला की पेटायचा. २२ मे १९१५ ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल इथे गाड्यांची टक्कर झाली. सैनिकांची गाडी जुनी, लाकडी, गॅसच्या दिव्यांची होती. दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली कितीतरी आगीत. त्याच्या आधीच चाकाच्या आसाला डायनॅमो लावून दिवे पेटवायची पद्धत आली होती आणि अशा अपघातांनंतर ‘गॅस काढा, वीज लावा’ ही मागणी वाढत गेली. तेव्हा वीज हा सुरक्षेचा पर्याय होता, आणि तेव्हाच्या भाराला तो योग्यही होता. डब्याला काही दिवे, एवढंच काम. मोटारीत १९१२ साली कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर आणला तेव्हा मोटारीच्या वायरीत मोठा प्रवाह आला, पण तोही काही सेकंदांपुरता. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जाड केबलला परंपरेने फ्यूज नसतो. ती केबल सुरक्षित राहते ती फक्त तिच्यावरच्या आवरणाच्या भरवशावर. आजही बऱ्याच गाड्यांत हेच चाललंय.

दुसरी एक सोय त्या काळात कायमची झाली. परतीची वायर काढून टाकली आणि गाडीचा पत्राच परतीचा मार्ग केला. गॅरेजमध्ये त्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. तांबं वाचलं. पण घरात शॉर्ट व्हायला दोन वायरी उघड्या पडून एकमेकींना लागाव्या लागतात, गाडीत एकच पुरते. पत्र्याला भोक पाडून त्यातून वायर नेली आणि कडेला रबरी ग्रोमेट लावला नाही, तर प्रत्येक खड्ड्याला आवरण थोडं थोडं घासत राहतं. आपल्या रस्त्यांवर वर्षाला किती खड्डे येतात, ते मी सांगायची गरज नाही.

करमणुकीसाठी चाकांवर फिरणारी वस्तू आपल्याकडे कॅराव्हॅनच्या खूप आधी होती, हे इथे सांगायला हवं. ती म्हणजे टुरिंग टॉकीज. पाथर्डी तालुक्यातल्या मढीसारख्या जत्रांना ट्रकमध्ये प्रोजेक्टर आणि तंबू घालून येणारी. सुरुवातीच्या काळातली फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून पाण्यातही विझत नाही. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर कार्बन आर्कचा दिवा. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आपल्याला सेन्सॉरमुळे माहीत असतो, पण त्याचा निम्मा जीव प्रेक्षकांच्या सुरक्षेत आहे. लायसन्स देताना आगीपासून बचावाची व्यवस्था बघणं त्या कायद्याने बंधनकारक केलं. १९५० च्या सुमारास नायट्रेट फिल्म बंद झाली आणि सेफ्टी फिल्म आली. तिथे धोक्याला एक नाव होतं, एक जागा होती आणि एक जबाबदार माणूस होता: प्रोजेक्टर चालवणारा. आजच्या गाडीतल्या वायरिंगला यातलं काहीच नाही. ती दहा जणांच्या हातून जाते.

या दहा हातांचा इतिहास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बस ‘बनवली’ जात नाही, ‘बांधली’ जाते. कंपनी चासी देते: इंजिन, चाकं, स्टिअरिंग, आणि तेवढ्यापुरतं वायरिंग. बॉडी दुसरीकडे चढते. एसटीने त्यासाठी स्वतःच्या कार्यशाळा उभ्या केल्या, दापोडी, चिकलठाणा, हिंगणा. खासगी बसवाले बॉडीबिल्डरकडे जातात. म्हणजे एकाच गाडीत दोन वायरिंग: एक कारखान्यात आराखडा काढून, मोजून, साच्यावर बांधलेलं, दुसरं बॉडीबिल्डरच्या वायरमनने अनुभवाने टाकलेलं. मग गाडी मालकाकडे येते आणि तिसरं वायरिंग सुरू होतं. जादा एलईडी, मोठे साउंड, चार्जिंग पॉइंट, समोर देवाच्या फोटोभोवती दिव्यांची माळ. ही तिसरी वायर बहुतेकदा जवळच्या चालू वायरीला सोलून, पिळून, टेप मारून घेतलेली असते. तिच्यासाठी वेगळा फ्यूज नसतो. मूळ फ्यूज वारंवार जायला लागला की मोठा टाकतात, आणि तो नाही मिळाला तर ‘डायरेक्ट’ करतात.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो इंटरव्ह्यूमध्येही विचारतात. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर किती अँपिअर सोसेल त्यावरून फ्यूज ठरतो. बारीक वायरीला मोठा फ्यूज लावला की वायरच फ्यूज होते. फक्त ती डबीत नसते, गादीखाली असते.

नियम झाले नाहीत असं नाही. घरांच्या बाबतीत अमेरिकेत १८९७ मध्येच नॅशनल इलेक्ट्रिकल कोड आला, आणि त्यामागे विमा कंपन्यांचा मोठा हात होता. जळालेल्या इमारतींचे पैसे त्यांनाच द्यावे लागत. त्याच कोडमध्ये पुढे फिरत्या घरांसाठी वेगळं प्रकरण झालं, कलम ५५१. युरोपात कॅराव्हॅनच्या १२ व्होल्टच्या वायरिंगसाठी स्वतंत्र मानक आहे, आणि आंतरराष्ट्रीय आयईसी मानकांत कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क यांना दोन वेगळे भाग दिलेत. ही विभागणी शहाणपणाची आहे, कारण निम्मा धोका गाडीत असतो आणि निम्मा गाडी जिथे प्लग लावते तिथे. आपल्याकडे बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२, स्लीपरसाठी एआयएस-११९, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ अशी मानकं आहेत. आतलं कापड-फोम किती वेगाने जळावं याचीही चाचणी आहे. मात्र या जळण्याच्या चाचणीचा इतिहास काढला तर मजेशीर गोष्ट सापडते. जगभर जिची नक्कल झाली ती अमेरिकेची १९७० च्या दशकातली चाचणी मुख्यतः सिगारेट आणि काडी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. आडव्या पट्टीला एका टोकाने छोटी ज्योत लावायची आणि ती मिनिटाला किती मिलिमीटर सरकते ते बघायचं. पॅनेलच्या मागे तासभर तापत बसलेला जोड त्या चाचणीच्या कल्पनेतच नव्हता.

या चाचण्या कुठे होतात? देशातल्या मोजक्या अधिकृत संस्थांपैकी एक आपल्या नगरमध्ये आहे: व्हीआरडीई, वाहन संशोधन व विकास संस्था. तिची मुळं फाळणीपूर्वीच्या चकलाल्यात आहेत, आज ते पाकिस्तानात आहे. फाळणीच्या वेळी ते काम नगरला आलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये प्रोटोटाइप तपासणाऱ्या संस्थांची यादी आहे, तिच्यात पुण्याच्या एआरएआयबरोबर व्हीआरडीईचंही नाव आहे. नगरच्या मुलांनो, संशोधनासाठी लांबच जायला पाहिजे असं काही नाही. पण ‘प्रोटोटाइप’ हा शब्द नीट वाचा. तपासली जाते ती नमुन्याची गाडी. तिसरं वायरिंग त्यानंतर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीनंतर मूळ रचनेत फेरफार करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. तरी देवाच्या फोटोची माळ हा फेरफार आहे का, हे विचारायला कुणी कलम उघडत नाही.

२७ जानेवारी २०२२ ला रस्ते वाहतूक मंत्रालयाने लांब पल्ल्याच्या आणि शाळेच्या नव्या बसमध्ये प्रवासी बसतात त्या भागातही आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा आणायची अधिसूचना काढली. आधी ती इंजिनापुरती होती. हा बदल बरोबरच आहे, कारण माणसं मुख्यतः धुराने आणि उष्णतेने जातात. पण तो आग लागल्यानंतरचा उपाय आहे.

आता मुख्य अडचणीकडे येते. गाड्यांच्या आगीत वायरिंगचा दोष किती, हे आपल्याला कळणार कसं?

१ जुलै २०२३. समृद्धी महामार्ग, सिंदखेडराजाजवळ. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली, २५ जण गेले. ८ ऑक्टोबर २०२२. नाशिक, यवतमाळहून मुंबईला जाणारी बस ट्रकला धडकून पेटली, १२ जण गेले. या दोन्हींत आधी अपघात, मग आग. वायरिंगच्या यादीत त्या घालता येत नाहीत. पण ‘बसला आग’ असं शोधून जो बातम्या गोळा करेल त्याच्या तक्त्यात त्या येणारच.

१६ ऑक्टोबर २०२३. आष्टीहून नगरला येणारी डेमू गाडी नारायणडोह आणि नगरच्या मध्ये पेटली. पाच डबे जळाले. प्रवासी वेळीच उतरले, कुणाचा जीव गेला नाही. माझ्या मोबाइलवर पहिला व्हिडिओ आला तेव्हा डबे अजून जळत होते, आणि त्याखाली ओळ होती: शॉर्ट सर्किटमुळे. आग विझली नव्हती, राख थंड व्हायची होती, तपासणारा माणूस स्टेशनवरही पोचला नसेल. कारण मात्र पोचलं होतं. नगरकरांना हा शब्द तसाही नवा नाही. ६ नोव्हेंबर २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली, ११ रुग्ण गेले. त्या दिवशीही संध्याकाळपर्यंत गावभर हाच शब्द होता.

आणि मग १९ मार्च २०२५, हिंजवडी. कर्मचाऱ्यांना घेऊन निघालेला टेम्पो ट्रॅव्हलर सकाळी पेटला, चार जण गेले. टेम्पो ट्रॅव्हलर म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच कॅराव्हॅन ज्या गाडीवर बांधतात तीच जात. पहिल्या तासांतला अंदाज ठरलेलाच होता. एक-दोन दिवसांत पोलिसांनी सांगितलं की चालकानेच ज्वलनशील रसायन वापरून आग लावल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे ‘शॉर्ट सर्किट’ या तयार उत्तरावर सगळे थांबले असते, तर पोलीस ज्याला खून म्हणताहेत तो वायरीच्या नावावर खपला असता.

ज्यांना आगीच्या तपासावर काम करायचंय त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जळालेल्या गाडीत तांब्याच्या वायरीच्या टोकाला वितळून गोळी झालेली सापडते. ‘हा बघा शॉर्ट’ म्हणून पंचनाम्यात तिची नोंद होते. पण आग दुसऱ्या कशाने लागली, तिने वायरीचं आवरण जाळलं आणि वायरीत अजून वीज होती, तर तशीच गोळी तयार होते. ती गोळी कारण आहे की परिणाम, हे नुसतं तिच्याकडे बघून सांगता येत नाही. अमेरिकेत आगीच्या तपासासाठी १९९२ पासून एनएफपीए ९२१ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्या २०११ च्या आवृत्तीत आणखी एक वाट बंद केली: बाकी काही सापडलं नाही, म्हणून उरलं ते कारण, असं म्हणणं शास्त्रीय पद्धतीत बसत नाही. आपल्याकडे ‘उरलं ते’ म्हणजे जवळजवळ नेहमीच वीज.

आणि ढिला जोड? तो बहुतेकदा सापडतच नाही. तो पितळेचा छोटा तुकडा असतो, आगीत वितळतो, किंवा जळल्यावर सगळेच जोड ढिले दिसतात. शॉर्ट खूण ठेवून जातो, ढिला जोड ठेवत नाही. त्यातून एनसीआरबीच्या वार्षिक अहवालात आगीच्या कारणांसाठी ‘इलेक्ट्रिकल शॉर्ट सर्किट’ असा रकाना आहे. गॅस सिलिंडर किंवा स्टोव्हचा वेगळा आहे, फटाक्यांचा वेगळा आहे. ढिल्या जोडाचा नाही. भरणाऱ्याने भरायचं कुठे? मग आपण त्या रकान्यातले आकडे घेऊन आलेख काढतो, आणि निष्कर्ष लिहितो की शॉर्ट सर्किटपासून बचावासाठी चांगले फ्यूज हवेत. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रपोजलमध्ये मी हेच लिहिलं होतं. गाईड सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून एवढंच विचारलं, ‘हा रकाना कुणी भरला?’ सहा महिने त्यात गेले.

तर मग कुठे शोधायचं? जळालेल्या गाडीत नाही, जळता जळता राहिलेल्या गाडीत. नगरमध्ये एक वायरमन आहेत, साठीचे, गाड्यांच्याच वायरिंगचं काम. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी ‘बोला मॅडम’ केलं. तिसऱ्या खेपेला ‘ये पोरी, चहा घे’ झालं. त्यांच्याकडे बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात बदललेले जोड: काळे पडलेले फ्यूज होल्डर, अर्धवट वितळलेले कपलर, नीट न दाबलेले लग, हिरवे झालेले अर्थचे थिंबल. भंगारवाल्याला द्यायचे म्हणून ठेवलेले. मी विचारलं, मामा, यातले शॉर्ट किती? त्यांनी डबा हलवून दोन-तीन काढले. बाकी? ‘लूज.’ हा काही सांख्यिकी पुरावा नाही, हे मला माहीत आहे. मामांकडे चालत येणारी गाडी येते, जळून गेलेली येत नाही. म्हणजे त्यांचा डबाही एका बाजूला झुकलेलाच आहे. पण तो झुकाव सरकारी रकान्याच्या उलट दिशेचा आहे, आणि दोन उलटे झुकाव शेजारी ठेवले की निदान प्रश्न तरी नीट विचारता येतो. तो डबा मी आता मागून घेतलाय. प्रत्येक तुकड्याला नंबर, कोणत्या गाडीतून आला, कारखान्याचं वायरिंग की बॉडीबिल्डरचं की नंतरचं, आणि मामांना आठवतं तेवढं. बऱ्याच तुकड्यांपुढे ‘नंतरचं’ लिहावं लागतंय.

कॅराव्हॅन मात्र त्यांच्याकडे अजून फार आलेल्या नाहीत. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं. गाड्या अजून तरुण आहेत. जोड म्हातारा व्हायला थोडी वर्षं लागतात. त्या गाडीत मी वर सांगितलेलं सगळं एकत्र येतं: इंजिनाची बॅटरी, घराची वेगळी बॅटरी, दोघींना जोडणारी जाड केबल, इन्व्हर्टर, बाहेरून येणारे २३० व्होल्ट, आणि बऱ्याचदा शेजारी गॅसचा सिलिंडर. बारा व्होल्टची वायर आणि २३० व्होल्टची वायर एकाच पॅनेलमागून जाते. तीही एका अशा पेटीत, जी रोज हादरते आणि पावसाळ्यात अकोल्याच्या बाजूला आठवडाभर ओल पिते.

गेल्या जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. एका ढाब्यामागे कॅराव्हॅन उभी होती. ढाब्याच्या पंख्याच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड काढून तिला वीज दिली होती आणि आत एसी चालू होता. पन्नास फुटांच्या वायरीतली दहाएक फूट लागली असेल, उरलेलं भेंडोळं तसंच गुंडाळलेलं गवतात पडलं होतं. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आतले वेढे जास्त तापतात. मी वाकून हात लावला. चांगलंच गरम होतं. गाडीतल्या काकूंना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, ‘अगं, आतापर्यंत फ्यूज एकदाही गेला नाही.’

भेंडोळं आम्ही दोघींनी मिळून उलगडलं. प्लग काढून बघितला तर त्याची एक पिन तपकिरी झाली होती. त्यांना दुसरा प्लग ढाब्यावरच मिळाला. जुना माझ्याकडे आहे, नंबर ४१, ‘२३० व्होल्ट, बाहेरचा, लूज’.